वळण

सहाणेवर चंदन उगाळताना ज्याने पाहिलं आहे, त्याला चिनी शाई कशी तयार होते हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दगडाच्या खोलगट पाटावर थोडं पाणी घ्यायचं, शाईची कांडी उभी धरायची आणि हलक्या हाताने गोल फिरवत राहायचं. जोर लावला तर कांडी तिरपी झिजते, घाई केली तर शाई भरड उतरते. पाणी आधी धुरकट होतं, मग राखाडी, मग तेलासारखं दाट काळं. या वेळात चित्रकार काहीच करत नाही असं बघणाऱ्याला वाटतं. चिनी परंपरा मात्र मानत आली आहे की चित्र इथेच सुरू होतं, कारण उगाळता उगाळता श्वास संथ होतो आणि मनगट सैल पडतं.

ती कांडी म्हणजे काजळी आणि सरस. पाइनची लाकडं किंवा तुंगाच्या बियांचं तेल जाळून काजळी धरायची, सरसात मळायची, कुटायची, साच्यात दाबायची आणि महिनोन् महिने सावलीत वाळवायची. आनह्वे प्रांतातला जुना ह्वेइचौ परिसर या कामासाठी शतकानुशतकं नावाजलेला आहे. आपल्याकडे पोथ्या नकलून काढणारेही काजळीचीच शाई वापरत, फक्त तिच्यात सरसाऐवजी डिंक असे. इंग्रज या काळ्या शाईला ‘इंडियन इंक’ म्हणतात आणि फ्रेंच तिलाच ‘चिनी शाई’. दोन्ही नावांत एवढंच कळतं की युरोपला ती पूर्वेकडून आलेली वाटली.

मोठा फरक आहे तो लिहिण्याच्या साधनात. बोरूचं टोक कडक; तो जसा तासला असेल आणि जसा धरला असेल तशी रेघ येते. चिनी कुंचला बकरीच्या, सशाच्या किंवा तशाच एखाद्या प्राण्याच्या केसांचा. दाबला की बोटभर रुंद, उचलला की केसाएवढा. हात किती भरवशाचा आहे, श्वास कुठे अडला, मन कुठे दचकलं, हे सगळं तो कागदाला सांगून टाकतो.

आणि कागद काही विसरत नाही. चित्रकार ज्याला श्वान कागद म्हणतात तो त्याच आनह्वे प्रांतातल्या चिंग परगण्यातून येतो. चिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा हा त्याचा कच्चा माल. तो शिजवतात, डोंगरउतारावर पसरून ऊन-पावसात पांढरा होऊ देतात, कुटतात, पाण्यात कालवतात. मग दोन माणसं समोरासमोर उभी राहून बांबूच्या जाळीवर एकेक ताव उचलतात आणि तो गरम भिंतीला चिकटवून वाळवतात. या सगळ्याला मिळून शंभराहून अधिक टप्पे आहेत. २००९ साली युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. तुरटी आणि सरसाचा हात दिलेला ताव शाई पृष्ठभागावर धरून ठेवतो, म्हणून बारीक, नेटक्या कामाला तो चालतो. कच्चा ताव मात्र शाई पिऊन टाकतो. कुंचला क्षणभर थांबला की तिथे डाग फुलतो, झपकन गेला की रेघेत पांढऱ्या भेगा पडतात. खोडणं नाही, खरवडणं नाही, वर दुसरा थर देऊन झाकणं नाही. तैलरंगाच्या चित्रकाराला आयुष्यभर लाभलेली सवलत, म्हणजे चुकलं तर उद्या दुरुस्त करू ही, इथे पहिल्याच मिनिटाला हातातून जाते.

हे पुस्तक ज्यांच्याविषयी आहे ते मार्क टोबी त्या सवलतीत वाढलेले अमेरिकन चित्रकार. पण त्यांच्याकडे वळण्याआधी एका मराठी शब्दापाशी थांबतो, कारण तो सापडेपर्यंत मला हे पुस्तक लिहिता येत नव्हतं. तो शब्द ‘वळण’. आपण अक्षराला वळण असतं म्हणतो आणि मुलाला वळण लावतो म्हणतो. धुळाक्षरं गिरवणं, कित्ता समोर ठेवून तेच अक्षर पुन्हा पुन्हा काढणं, मोडीची लपेट हातात बसवणं, यात नुसतं लिपीचं शिक्षण नव्हतं. मांडी घालून बसायला, थांबायला, लक्ष द्यायला माणूस शिकत होता. चिनी सुलेखनातही जुन्या आचार्यांचे कित्ते वर्षानुवर्षं गिरवावे लागतात आणि अक्षरावरून माणूस ओळखता येतो असा विश्वास तिथेही खोल रुजलेला आहे. पुढच्या प्रकरणांतून मी एकाच प्रश्नामागे गेलो आहे: एका वळणात तिशी उलटलेल्या हाताला दुसरं वळण लागतं का, आणि लागलं तर ते कोण लावतं?

टोबी यांचा जन्म १८९० चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या सेंटरव्हिल या लहान गावातला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांना फारसं मिळालं नाही. शिकागो आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांनी फॅशनची रेखाटनं काढली, माणसांचे चेहरे काढले, त्यावर पोट भरलं. १९१८ मध्ये ते बहाई पंथाकडे वळले. सर्व धर्म एकाच उगमाकडे नेतात आणि मानवजात एक आहे, ही त्या पंथाची शिकवण त्यांनी मरेपर्यंत धरून ठेवली. पूर्वेकडचं काही पाहिलं की परकं म्हणून दूर न ठेवता ते आपलंच असू शकेल असं समजून जवळ जाण्याची तयारी त्यांच्यात या श्रद्धेतून आली असावी, असं मला वाटतं. नंतर ते पॅसिफिकच्या काठावरच्या सिएटल शहरात शिकवायला आले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे चित्रकार पॅरिसकडे तोंड करून उभे होते; सिएटलच्या बंदरातून जहाजं आशियाकडे जात होती.

तिथेच, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांची गाठ तेंग बाइये या चिनी तरुणाशी पडली. तेंग त्यांच्याहून सुमारे दहा वर्षांनी लहान. वॉशिंग्टन विद्यापीठात शिकायला आलेले, शिल्पकलेकडे ओढा असलेले, आणि कुंचल्याऐवजी बोटांनी, नखांनी शाईचित्रं काढण्याच्या जुन्या चिनी परंपरेत तरबेज. त्यांनी टोबी यांच्या हातात कुंचला दिला. सरळ अर्थाने दिला: कसा धरायचा, मनगट टेकवायचं नाही, खांद्यापासून हात कसा फिरतो, रेघ सुरू करताना टोक कसं लपवायचं आणि संपवताना कसं परत आणायचं. वयाने लहान असलेला परदेशी विद्यार्थी गुरू झाला आणि मास्तर शिष्य.

या भेटीतली एक गोष्ट टोबी पुढे आयुष्यभर सांगत राहिले. दोघं रंगीत मासे ठेवलेल्या काचेच्या टाकीसमोर उभे होते. तेंग यांनी विचारलं की पाश्चात्त्य चित्रकार मासा मेल्यावरच का रंगवतात. युरोपच्या चित्रांत ताटात, फळीवर, लिंबाच्या फोडीशेजारी पडलेला चकचकीत मासा किती वेळा आला आहे हे आठवलं की प्रश्नाची धार कळते. तो मासा अचूक असतो: खवल्याखवल्यावर उजेड, डोळ्यात चमक, अंगाला वजन. पण तो पोहत नाही. चिनी चित्रात मासा चार-पाच फराट्यांत येतो, भोवती पाण्याची एकही रेघ नसते, तरी कोऱ्या कागदाचं पाणी होतं. वस्तूची घनता की वस्तूची हालचाल, यांतलं चित्रकाराने काय पकडायचं, हा तो प्रश्न. त्यानंतर झाडाकडे पाहताना टोबी यांना बुंध्याच्या गोलाईपेक्षा फांद्यांमधून धावणारी ओढ दिसू लागली.

इथे एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. या धड्यानंतर तब्बल बारा वर्षं टोबी यांच्या चित्रांत म्हणावं असं काहीच घडलं नाही. चरित्रकार ही वर्षं चार ओळींत उरकतात. मला ती फार मोलाची वाटतात. वळण लागतं ते असंच. कित्ता गिरवणाऱ्या मुलाला आज काय शिकलास विचारलं तर सांगता येत नाही. मग एके दिवशी अक्षर आपोआप उभं राहतं.

१९३१ पासून टोबी इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात, डार्टिंग्टन हॉल इथे शिकवत होते. या संस्थेची मुळं आपल्या मातीशी जोडलेली आहेत. ती स्थापणारे लेनर्ड एल्महर्स्ट हे रवींद्रनाथांचे सहकारी. शांतिनिकेतनजवळ सुरुल इथे ग्रामसुधारणेचं काम त्यांनी उभं केलं आणि १९२४ साली रवींद्रनाथ चीनला गेले तेव्हा तेही बरोबर होते. त्याच प्रवासात नंदलाल बोसही होते. दहा वर्षांनी याच एल्महर्स्ट यांनी आणि त्यांच्या पत्नीने टोबी आणि कुंभकलेचे आचार्य बर्नार्ड लीच यांना पूर्वेच्या प्रवासासाठी पैसे दिले. बंगालमधल्या एका खेड्यापासून सिएटलच्या चित्रकारापर्यंत हा धागा कसा पोचतो, यावर मी पुढे एक अख्खं प्रकरण खर्च केलं आहे, आणि ते कमी पडलं याची मला खंत आहे.

१९३४ मध्ये दोघं नेपल्सहून जहाजाने निघाले. लीच पुढे जपानला गेले. टोबी शांघायला उतरले, कारण तिथे तेंग होते. ते आता मायदेशी परतले होते. त्यांच्या शहरात टोबी यांनी काय पाहिलं? उभ्या पाट्या, पाट्यांवर पाट्या, दिवे, माणसांची रीघ, गोंगाट. अक्षर इथे संग्रहालयाच्या काचेमागे नव्हतं, ते रस्त्यावर लटकत होतं. त्यानंतर जपानमध्ये, क्योतोजवळच्या एका झेन मठात, ते सुमारे महिनाभर राहिले. तिथे त्यांना ध्यानासाठी एक चित्र दिलं गेलं: मोकळ्या हाताने ओढलेलं शाईचं एक मोठं वर्तुळ. दिवसामागून दिवस त्यांनी त्याच्यासमोर बसून काढले.

डार्टिंग्टनला परतल्यावर, १९३५ च्या सुमारास, एकदा हात सुटला. इंग्लंडच्या शांत खेड्यात बसून त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेचे दिवे आणि गर्दी रंगवली, आणि तीही कशी? गडद पृष्ठभागावर पांढऱ्या, गुंतलेल्या, न थांबणाऱ्या रेघांनी. ‘ब्रॉडवे’ हे त्यातलं मोठं चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. पुढे या पद्धतीला ‘पांढरं लेखन’ हे नाव मिळालं.

इथे चोखंदळ वाचक मला अडवेल, आणि बरोबरच अडवेल. ही शाई कुठे आहे? हा श्वान कागद कुठे आहे? ‘ब्रॉडवे’ टेंपरात रंगवलेलं आहे, तेही फळीवर. शिवाय रंग उलटे. मी स्वतः यावर बराच काळ अडकलो होतो. सुटका झाली ती पाटीच्या आठवणीने. आपण अक्षर शिकलो ते काळ्यावर पांढरं. कागदावर आलो तेव्हा पांढऱ्यावर काळं. रंग पालटले म्हणून अक्षराचं वळण पालटलं नाही. टोबी यांनी शाई आणि कागद बाजूला ठेवला, पण त्या शाईने शिकवलेली रेघ ठेवली: कडा आखणारी रेघ नव्हे, स्वतःच चालणारी. चिनी दिसण्यासाठी त्यांनी एकही बांबू काढला नाही, एकही धुक्यातला डोंगर काढला नाही. उसनं सामान मांडणारे चित्रकार पश्चिमेत तेव्हाही पुष्कळ होते. टोबी यांच्या चित्रात चीन दिसतच नाही आणि म्हणून मला तो तिथे आहे असं वाटतं.

१९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या विलार्ड गॅलरीत ही पांढरी चित्रं लागली. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांची रंग ठिबकवून केलेली मोठी चित्रं १९४७ नंतरची. कुणी कुणाचं घेतलं यावर खूप लिहिलं गेलं आहे. त्या वादात मला रस नाही, तो पाच ओळींत संपवला आहे.

प्रत्यक्ष शाई आणि कागद टोबी यांच्याकडे परत आले ते १९५७ साली. तेव्हा त्यांचं वय सहासष्ट. चीनहून जपानला गेलेल्या त्या शाईचं जपानी नाव सुमी, म्हणून ही चित्रं त्याच नावाने ओळखली जातात. काही महिन्यांच्या झपाट्यात त्यांनी शाई कागदावर ओढली, उडवली, फेकली. ज्या माणसाची ओळख बारीक, जवळजवळ विणल्यासारख्या रेघांसाठी होती, त्याने अचानक एवढे मोठे काळे फराटे मारावेत याने त्यांचे चाहतेही गोंधळले. माझं मत स्पष्ट सांगतो: यातली सगळी चित्रं उतरलेली नाहीत. काहींत जोर आहे, पण कागदाशी बोलणं नाही. शाई कागदावर आदळते आणि तिथेच थांबते. मात्र जी उतरली आहेत त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर तो मठातला वर्तुळासमोरचा महिना, ते शांघाय, ती माशांची टाकी, सगळं एका श्वासात आल्यासारखं वाटतं. काळ्या फटकाऱ्याच्या कडेला उडालेले बारीक थेंब पाहा. ते ठरवून येत नाहीत आणि ठरवल्याशिवायही येत नाहीत. मग टोबी थांबले. त्यांनी या शैलीचा व्यवसाय केला नाही.

पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, व्हेनिस बिएनालेत त्यांना चित्रकलेचं मोठं पारितोषिक मिळालं. १९६० मध्ये ते स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे राहायला गेले, १९६१ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात त्यांच्या साऱ्या कामाचं प्रदर्शन भरलं आणि १९७६ मध्ये बाझललाच ते गेले.

टोबी या वाटेवर एकटे नव्हते. बेल्जियममध्ये जन्मलेले कवी-चित्रकार आंरी मिशो १९३० च्या दशकाच्या तोंडावर भारत, चीन, जपान पाहून आले आणि पुढे त्यांनी शाईच्या ठिपक्या-फराट्यांतून अक्षरांसारख्या, माणसांसारख्या धावत्या आकृतींचे थवेच्या थवे काढले. त्यांची एक गोष्ट मला फार हलवून जाते. त्यांचे मित्र झाओ वू-की हांगचौला शिकून १९४८ साली पॅरिसला आले ते तैलरंगाच्या ओढीने. चिनी चित्रकार म्हणून आपल्याला खुणेने दाखवलं जाऊ नये म्हणून शाईपासून ते जाणूनबुजून दूर राहिले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पत्नीच्या जीवघेण्या आजारात त्यांच्याने मोठं काम होईना, तेव्हा मिशो यांनी त्यांना शाईकडे परत जायचा आग्रह केला. ते गेले. चिनी माणसाच्या हातात चिनी शाई परत ठेवणारा एक बेल्जियन कवी! कोण कुणाकडून घेतो, हा हिशेब इथे मांडताच येत नाही.

फ्रान्सच्या फाब्येन व्हर्दिए यांनी आणखी कठीण वाट धरली. १९८० च्या दशकात, विशीतच, त्या चीनमध्ये चोंगछिंगला गेल्या. सांस्कृतिक क्रांतीने जुन्या सुलेखनकारांना अपमानित करून गप्प बसवलं होतं. हुआंग युआन या वृद्ध आचार्यांनी शिकवायला नकार दिला. व्हर्दिए कित्येक महिने रोज आपला सराव त्यांच्या दाराशी ठेवून येत राहिल्या. शेवटी ते राजी झाले, पण अट घातली की शिकायचं तर दहा वर्षं, नाहीतर नाही. आणि सुरुवातीचे कित्येक महिने फक्त आडवी रेघ. आपल्याकडे गवयाच्या घरी वर्षभर एकाच सुरावर बसवलेल्या शिष्यांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ही अट अजिबात विचित्र वाटणार नाही.

आणि आपले वासुदेव गायतोंडे. मूळ गोव्याचे, जन्म नागपूरचा, शिक्षण जे. जे. मध्ये. झेन विचाराचा त्यांच्यावरचा प्रभाव सर्वज्ञात आहे. १९८४ मधल्या एका अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताळणं अशक्य झालं तेव्हा ते कागद आणि शाईकडे वळले. त्या लहान चित्रांत मोडीच्या तुटक्या अक्षरांसारख्या, कुठल्याच लिपीच्या नसलेल्या खुणा आहेत. टोबी आणि गायतोंडे शेजारी ठेवून पाहावेत ही माझी जुनी इच्छा. शेवटच्या प्रकरणात ती भागवून घेतली आहे.

आता राहिले तेंग बाइये. हे पुस्तक लिहायला लागलो तेव्हा ते त्यात अर्ध्या पानाचे पाहुणे होते. टोबी यांच्यावरच्या लिखाणात ते असेच येतात: चिनी मित्र, एक धडा, एक माशाची गोष्ट, आणि मग दाराबाहेर. ते चित्रकार होते, शिल्पकार होते, दोन्ही देशांत त्यांनी कलेवर व्याख्यानं दिली, हे मागे पडतं. शिष्याला व्हेनिसमध्ये गौरवलं जात होतं त्या सुमारास चीनमध्ये उजव्या विचारांच्या म्हणून ठरवलेल्या लोकांविरुद्ध मोहीम चालू होती, आणि पश्चिमेत शिकून आलेल्या कलावंतांसाठी ते दिवस वाईट होते. मायदेशी त्यांच्या वाट्याला उपेक्षा आली. १९८० साली ते गेले.

त्यांचं नावही एक राहिलेलं नाही. टोबी यांच्याविषयीच्या जुन्या लिखाणात ते तेंग क्वेइ आहेत, तेही दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले. अलीकडच्या अभ्यासांत तेंग बाइये. सूचीत एक नाव शोधावं तर दुसरं निसटतं, आणि एकच माणूस दोन अनोळखी माणसांसारखा विखुरला जातो. या पुस्तकात मी सगळीकडे तेंग बाइये हे एकच नाव ठेवलं आहे. टोबी यांच्या चित्रांच्या आधी, पहिल्या प्रकरणात, काचेच्या टाकीसमोर उभे आहेत ते तेच.